घरगुती दुर्बिणीचा माउंट: स्टेपर मोटरला गिअर रिडक्शन किती ठेवू?

अर्धवट_दुर्बीण
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

साताऱ्याजवळ एका शाळेत गणित शिकवतो. लॉकडाऊनमध्ये सहा इंची आरसा घासला (एफ/५, म्हणजे फोकल लेंग्थ ७५० मिमी), प्लायवूडच्या डॉबसोनियनवर (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवर) बसवला आणि शाळेतल्या पोरांना शनीची कडी दाखवली. इथपर्यंत सगळं सुखात होतं. मग कोणीतरी ओरायन नेब्युलाचा फोटो दाखवला आणि हाव सुटली. आता विषुववृत्तीय माउंट (ताऱ्यांच्या मागे दुर्बीण आपोआप फिरवणारी बैठक) घरीच बांधायला घेतलाय.

जमा झालेलं सामान असं: २५ मिमीचा शाफ्ट, दोन प्लमर ब्लॉक, पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेलं गनमेटलचं १४४ दात्यांचं चाक (वर्मसकट, म्हणजे ते फिरवणाऱ्या आट्यांच्या दांडीसकट!), दोन नेमा १७ स्टेपर (१.८ अंशवाल्या, म्हणजे फेरीला २०० स्टेप), मोटरला करंट देणारा टीएमसी२२०९ ड्रायव्हर आणि ऑनस्टेप (माउंटचं सॉफ्टवेअर) चालवायला ईएसपी३२ बोर्ड. कॅमेरा जुना डीएसएलआर, पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. ७५० मिमीवर एक पिक्सेल म्हणजे साधारण १.१८ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद).

प्रश्न आहे मोटर आणि वर्म यांच्या मधला. मित्र म्हणतो, "ड्रायव्हर २५६ मायक्रोस्टेप देतो ना? मग मोटर थेट वर्मला जोड." म्हणजे एका स्टेपचे २५६ तुकडे. हिशोब केला: १४४ × २०० × २५६ = ७३,७२,८०० स्टेप. १२,९६,००० आर्कसेकंदांना त्याने भागलं तर एक मायक्रोस्टेप ०.१८ आर्कसेकंदाची. माझ्या पिक्सेलच्या सहाव्या भागाहून लहान. कागदावर तर झकास दिसतंय. मग लोक मध्ये बेल्ट, प्लॅनेटरी गिअरबॉक्स, काय काय का घालतात?

खोडदकर
पहिला! धागा डोक्यावरून गेला, पण वाचनखूण साठवली आहे. आमच्या शिवारात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या फिरतात, त्यांना विचारून येऊ का किती दाते आहेत ते? :)

चंद्रकोर
सर, गणित बरोबर आहे, पण मोटरला गणित येत नाही.

मायक्रोस्टेप म्हणजे ड्रायव्हरने दोन कॉइलमधला करंट कमी-जास्त करून रोटरला केलेली विनंती. रोटर ती ऐकतो कधी? मध्ये घर्षण नसेल तेव्हा. १/१६ ला एका मायक्रोस्टेपमागे मिळणारा टॉर्क होल्डिंग टॉर्कच्या (मोटरच्या जागेवर धरून ठेवण्याच्या ताकदीच्या) साधारण १० टक्के असतो, १/३२ ला ५ टक्के आणि १/२५६ ला ०.६ टक्के. वर्म घट्ट बसवलेला, वर ग्रीस, वर हिवाळा. ०.६ टक्क्यात तो हलणार नाही. दहा-वीस मायक्रोस्टेप साचतील आणि मग एकदम उडी मारेल.

विश्वास नसेल तर हा प्रयोग करा, मी स्वयंपाकघरात केला होता. मोटरच्या शाफ्टला आरशाचा छोटा तुकडा चिकटवा, त्यावर लेझर पॉइंटर रोखा, ठिपका चार मीटरवरच्या भिंतीवर पाडा. परावर्तनात कोन दुप्पट होतो, त्यामुळे १/१६ ला दर स्टेपला ठिपका जेमतेम १६ मिमी सरकायला हवा. भिंतीवर पेन्सिलने खुणा करत गेले. माझ्या जुन्या डीआरव्ही८८२५ ड्रायव्हरवर ठिपका दोन-तीन स्टेप जागचा हलायचाच नाही, मग एकदम चार-साडेचार सेंमी. टीएमसी लावल्यावर खुणा बऱ्याच सारख्या पडल्या, तरी तंतोतंत नाहीच. भिंतीवरच्या खुणा अजून आहेत, सासूबाई दर दिवाळीला विचारतात की ही कसली उंची मोजलीय.

शिवाय चांगल्या मोटरचीसुद्धा पूर्ण स्टेपमध्ये ५ टक्के चूक धरलेली असते. तुमच्या थेट जोडणीत पूर्ण स्टेप ४५ आर्कसेकंदांची होते, तिचे ५ टक्के म्हणजे सव्वादोन आर्कसेकंद, दोन पिक्सेल. हीच मोटर ३:१ बेल्टने जोडली की पूर्ण स्टेप १५ ची, चूक ०.७५ ची. म्हणजे पिक्सेलच्या आत.

माझं मत: मायक्रोस्टेप १/१६ वरच धरून हिशोब करा. टीएमसी आतल्या आत १६ चे २५६ करतो, ते आवाज आणि थरथर कमी करायला छान आहे, पण त्याला रिझोल्यूशन समजू नका. २० आणि ६० दात्यांच्या पुली, ३:१. एकूण ४३२. १/१६ ला १३,८२,४०० स्टेप, अंशाला बरोबर ३८४०, स्टेप ०.९४ आर्कसेकंदाची. ०.९ अंशवाली मोटर मिळाली तर तीच निम्मी.

वाचनमात्र
चंद्रकोर ताई, +१. लेझरचा प्रयोग उद्याच करणार.

नेब्युला_नाना
वाचून गंमत वाटली. आमच्या वेळी स्टेपर नव्हत्या आणि मायक्रोस्टेपही नव्हत्या. डोंबिवलीच्या गच्चीवर मी एसी सिंक्रोनस मोटर लावली होती, घराच्या विजेवर. वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो. आता त्या काळी संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे लागले की पन्नासची फ्रीक्वेन्सी खाली घसरायची. एकोणपन्नास झाली की दुर्बीण ताऱ्याच्या मागे पडायची, मिनिटाला १८ विकला. रात्री बारानंतर गावाचे पंखे मंदावले की आमचं ट्रॅकिंग सुधारायचं. वांगणीला गेलो तर तीही चैन नाही, लवचीक दांडीला धरून हाताने फिरवायचं, डोळा आयपीसला, डास पायाला.

तात्पर्य एवढंच, की ४३२ पुरे. त्याच्या पुढचं सगळं खेळणं.

खोडदकर
नाना, मिनिटाला १८ विकला? कोणाला विकला? आणि काय भावाने?

नेब्युला_नाना
खोडदकर, अंश, कला, विकला. तुमचे आर्कसेकंद. शाळेत लक्ष कुठे होतं?

खोडदकर
खिडकीबाहेर, तबकड्यांकडे.

उद्यमनगरी
भावा, नाद केलास! आमची लेथ हाय कोल्हापुरात, दिवसा पंपाचे शाफ्ट, रात्री दुर्बिणी.

ताईंनी सांगितलंय ते बरोबर, पण एक इचारतो. ते चाक १४४ दात्याचं हाय हे तुला कुणी सांगितलं? इकणाऱ्यानं? मोजलंस काय?

माझी गंमत सांगतो. मला ३६० दात्याचं चाक पायजे होतं. हॉबिंगचा (मशिनवर दाते पाडायचा) दर ऐकून घरीच करायचं ठरवलं. एम१० चा टॅप चकमध्ये धरला (पिच, म्हंजे आट्यांतलं अंतर, दीड मिमी), पितळेची चकती बेअरिंगवर मोकळी फिरती ठेवली आणि टॅपला हळूहळू टेकवत नेली. टॅपच दाते पाडत जातो आणि चकती फिरवत ऱ्हातो. ३६० गुणिले १.५ भागिले पाय (π), म्हंजे १७२ मिमीच्या आसपास व्यास. बघायला काय चाक झालं म्हणून सांगू, सोन्याचं कडं. लावलं. तारा काय जागेवर थांबंना. मिनिटाला अडीच आर्कसेकंद, कायम एकाच बाजूला. अक्ष ध्रुवाकडं नीट लावून बघितला, बॅलन्स बघितला, ड्रायव्हर बदलला. पंधरा दिवस गेले. शेवटी पोरीला बसवलं खडू घिऊन. ती म्हणाली, बाबा, ३५९.

चकती केसभर लहान पडली होती. एवढंच.

नेब्युला_नाना
उद्यमनगरी, अरे वेड्या! ३५९ दात्यांचं चाक मिळावं म्हणून आम्ही लोकांच्या पाया पडायचो. चार मिनिटांत एक फेरी करणारी घड्याळी मोटर असायची. ३५९ गुणिले ४ किती?

अर्धवट_दुर्बीण
१४३६. मिनिटं. म्हणजे २३ तास ५६ मिनिटं! नाना, हे भारीच. उद्या सातवीच्या वर्गात गणित म्हणून घालतो.

उद्यमनगरी
आयला. मी ते चाक चिडून भंगारात घालणार होतो, बायकोनं कुंडीखाली ठेवलं म्हणून वाचलं. मग कॉन्फिगमध्ये ३६० चे ३५९ केले आणि तारा गप उभा ऱ्हायला. आज चार वर्सं चालतंय.

शून्यसावली
मी जरा वेगळं बोलणार आहे, मारू नका.

बेल्ट-बिल्ट नको. नेमा १७ ला पुढे प्लॅनेटरी गिअरबॉक्स लावूनच मिळते, ती घ्या. २७:१ ची. एकूण १४४ × २७ = ३८८८. पूर्ण स्टेपच १.६७ आर्कसेकंदांची होते, मग मायक्रोस्टेपच्या भरवशावर राहायची गरजच नाही. बेल्टचा ताण नको, पुलीचे ग्रब स्क्रू नको, एक डबा, चार बोल्ट. मी नागपुरात तीन वर्षं वापरतोय.

मात्र एक ठेच लागली ती सांगतो. डब्यावर २७:१ लिहिलं होतं, मी २७ टाकलं. साठ सेकंदांच्या फोटोत तारे पाच आर्कसेकंद लांबट. उद्यमनगरींसारखाच मीही ध्रुवाला दोष देत बसलो. मग डेटाशीट नीट वाचली. खरं गुणोत्तर २६ पूर्णांक १०३/१२१, म्हणजे २६.८५. अर्ध्या टक्क्याचा फरक. दुकानदार आणि जाहिरात गोल आकडा लिहितात, दाते गोल आकडा मानत नाहीत. ५:१ म्हणून विकतात ती ५.१८ असते, १४:१ ची १३.७३.

रानवाटा
हेच त्या छोट्या निळ्या-पांढऱ्या २८बीवायजे-४८ मोटरचं. सगळीकडे ६४:१ लिहिलेलं, उघडून दाते मोजले तर ६३.६८. फेरीला ४०९६ हाफ-स्टेप धरतात, खऱ्या ४०७६. मी रत्नागिरीला बार्न डोअर ट्रॅकर केला होता: दोन फळ्या, एक बिजागरी आणि एम६ चा आट्यांचा रॉड. रॉडचा पिच १ मिमी, मिनिटाला एक फेरी, बिजागरीपासून अंतर २२८.६ मिमी. एवढ्यावर ५० मिमीच्या लेन्सने आकाशगंगेचे सुंदर फोटो येतात. पण धागाकर्त्यांच्या ७५० मिमीला ही मोटर नको, तिच्या आतल्या गिअरमध्ये इतका खेळ आहे की दांडी बोटाने डुलते.

चंद्रकोर
शून्यसावली, मारत नाही, पण पटतही नाही. दोन मुद्दे.

एक, बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधला खेळ. या स्वस्त प्लॅनेटरीत आउटपुटला अंशभर खेळ सहज असतो. तो वर्मच्या मागे असल्यामुळे १४४ ने भागला जातो, म्हणजे अक्षावर २५ आर्कसेकंद. बेल्टला तो जवळपास शून्य.

दोन, वेग. ४३२ ला माउंट आठशेपट वेगाने फिरवला (सेकंदाला ३.३ अंश) तरी मोटर २४० आरपीएमवर असते, आरामात. तुमच्या ३८८८ ला तेवढ्याच वेगासाठी २१६५ आरपीएम लागतील, तिथे ही मोटर फक्त ओरडेल. ६०० वर थांबलात तर सेकंदाला ०.९३ अंश. ९० अंश फिरायला दीड मिनिटाच्या वर.

शून्यसावली
दीड मिनिटात मी चहा ओततो. :) घाई कसली आहे? फोटोसाठी एका वस्तूवर तीन तास थांबायचं असतं.

आणि बॅकलॅशचं म्हणाल तर आरए अक्ष (ताऱ्यांच्या मागे फिरणारा) ट्रॅकिंगमध्ये एकाच दिशेला चालतो. पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवायची, दाते कायम एका अंगाला टेकलेले राहतात. खेळ असून नसल्यासारखा. त्रास देतो तो डेक (उत्तर-दक्षिण हलणारा दुसरा अक्ष), कारण तिथे गाइडिंगला (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा बघत दुरुस्ती करायला) दोन्ही दिशांना हलावं लागतं.

चंद्रकोर
आरएबद्दल मान्य. डेकला बेल्ट, आरएला तुमची आवड.

पण तिसरा मुद्दा राहिला होता, पीईसीचा (वर्मची परत परत येणारी चूक खोडण्याचा). वर्मची एक फेरी १४४ दात्यांच्या चाकाला ५९८ सेकंद घेते. वर्ममधली चूक दर ५९८ सेकंदांनी तशीच परत येते, म्हणून ती एकदा नोंदवून दर फेरीला उलटी वजा करता येते. ३:१ मध्ये वर्मच्या एका फेरीत मोटरच्या बरोबर तीन फेऱ्या, मायक्रोस्टेप बरोबर ९६००. मोटर-पुलीची चूकसुद्धा त्याच तालात येते आणि त्याच नोंदीत जाते. २६.८५ ला फेरीच्या शेवटी गिअरबॉक्सचे दाते वेगळ्याच जागी असतात. दरवेळी नवीन राग.

उद्यमनगरी
ह्यावर माझी हरकत हाय. कारखान्यात आमी पूर्ण गुणोत्तर मुद्दाम टाळतो. २० ला ६० असलं की तेच दात तेच दाताला घासत ऱ्हातात, एकात खोट असली की दुसऱ्यात खड्डा पडतो. २० ला ६१ केलं की सगळे दात सगळ्यांना भेटतात, झीज सारखी होते.

चंद्रकोर
दादा, ते तुमच्या पंपाला खरं. इथे मोटर तीन मिनिटं वीस सेकंदांत एक फेरी करते. झीज व्हायला आपल्या नातवंडांना ट्रॅकिंग करावं लागेल.

उद्यमनगरी
हे पटलं. :)

बर्फातला_बाळू
कॅल्गरीहून. इथे उणे वीसला वर्मचं ग्रीस गुळाच्या ढेपेसारखं होतं, त्यामुळे मी वर्म सोडूनच दिला. हार्मोनिक ड्राइव्ह (लवचीक दातेरी कड्याचा गिअर), १००:१, मागे शून्यसावलींची तीच २६.८५ ची प्लॅनेटरी. बॅकलॅश हार्मोनिकमध्ये नसल्यात जमा, काउंटरवेट लागत नाही, सगळा माउंट पाठपिशवीत मावतो.

तोटा: चूक मोठी आणि चटपटीत. माझ्याकडे वर-खाली मिळून चाळीसेक आर्कसेकंद, दर ४३० सेकंदांनी. (आतलं लंबवर्तुळ एका फेरीत दोनदा दाते दाबतं, म्हणून ८६२ च्या निम्मं.) गाइडिंग कॅमेऱ्याशिवाय याचा उपयोग शून्य. धागाकर्त्याकडे गाइडिंग आहे का?

अर्धवट_दुर्बीण
नाही हो. आधी माउंट उभा राहू दे.

उद्यमनगरी
बाळू, त्या हार्मोनिकची किंमत सांग बरं.

बर्फातला_बाळू
जुन्या रोबोटमधून काढलेली घेतली. नवीची किंमत बायकोच्या समोर लिहीत नाही.

अर्धवट_दुर्बीण
सर्वांचे आभार. एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

आज शाळा सुटल्यावर चाक घेऊन बसलो. एका दाताला खडू लावला आणि दोन पोरांना वेगवेगळं मोजायला सांगितलं. एकाचे १४४, दुसऱ्याचे १४६. तिसऱ्याला बसवलं, १४४. मग मीच दर दहाव्या दाताला ठिपका देत मोजले. १४४. उद्यमनगरी दादा, शंका फिटली.

लेझरचा प्रयोगही केला. २५६ वर एक-एक स्टेप दिली तर ठिपका मिलिमीटरभर सरकायला हवा. मोकळ्या मोटरला तो सरकतो, कमी-जास्त का होईना. मग मोटर वर्मला जोडली, आरसा वर्मच्या टोकाला. तेवीस स्टेप ठिपका ढिम्म. चोविसाव्याला उडाला. मित्राला व्हिडिओ पाठवला आहे, अजून निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

तर २०-६० चा बेल्ट ठरला. आणखी एक गंमत दिसली. १४४ × ३ × २०० = ८६,४००. दिवसाचे सेकंद! म्हणजे सेकंदाला बरोबर एक पूर्ण स्टेप दिली की माउंट सूर्याच्या वेगाने चालेल आणि ताऱ्यांसाठी किंचित जास्त, १.००२७. हे कुणी मुद्दाम ठरवलंय का?

नेब्युला_नाना
मुद्दाम कोणी ठरवलं असं मला वाटत नाही. पण मास्तर, तुमच्या मोटरला आता घड्याळ म्हणायला हरकत नाही.

खोडदकर
साताऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून, ध्रुव किती वर आहे तुमच्याकडे? साडेसतरा-अठरा अंश? परदेशी नकाशे बघून माउंट बांधू नका. आमच्या मित्राने चाळीस अंशाला बनवलेला आराखडा तसाच उचलला. इथे अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि काउंटरवेटची दांडी स्टँडच्या पायाला आदळते. पहिल्याच रात्री टण्णकन आवाज आला, आम्हाला वाटलं उल्का पडली.

(बघा, मीही कामाचं बोलतो कधीतरी.)

उद्यमनगरी
लाख बोललास. डोकं स्टँडच्या थोडं बाहेर घे. नाहीतर स्टँडच नको, पाइपचा खांब उभा कर.

आणि बेल्टचं ऐक. थ्रीडी प्रिंटरला लावतात तो जीटी२, बंद लूपचा घे, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळंल. मोटरच्या प्लेटला लांबट भोकं पाड म्हंजे ताण देता येतो. लई आवळू नको, मोटरचं बेअरिंग रडतं. शाफ्टला कानसीनं सपाट जागा कर आणि ग्रब स्क्रू तिथंच बसव. गोल शाफ्टवर ग्रब स्क्रू म्हंजे पावसात चप्पल.

शून्यसावली
वर्मचा सपोर्ट स्प्रिंगवर ठेवा, हेही सांगतो. जुन्या बाजारातलं चाक थोडं तरी वेडंवाकडं फिरणारच. पक्कं बोल्ट केलं तर एका बाजूला अडेल, दुसऱ्या बाजूला सैल.

वाचनमात्र
धागा वर काढतोय. जून ते सप्टेंबर ढगांनी खाल्ले. दिवाळी झाली, आकाश मोकळं आहे. मास्तर, काय झालं पुढे?

अर्धवट_दुर्बीण
माफी मागतो, पावसाळाभर वेल्डिंग आणि रंगकाम चाललं होतं. परवा कासच्या बाजूला एका मोकळ्या माळावर पहिली खरी चाचणी झाली.

आधी चूक मोजली. ध्रुवीय अक्ष मुद्दाम थोडा पूर्वेला सरकवला आणि दक्षिणेकडच्या एका ताऱ्याचं वीस मिनिटांचं एक्स्पोजर घेतलं. तारा हळूहळू एका बाजूला सरकतो आणि वर्मची चूक त्याला आडवी हलवते, त्यामुळे फोटोत नागमोडी रेघ उमटते. दोन पूर्ण लाटा आल्या. टोकापासून टोकापर्यंत ३९ पिक्सेल, म्हणजे ४६ आर्कसेकंद. बघून पोटात गोळा आला. म्हणजे लाटेच्या मधल्या उतारावर मिनिटाला १४ आर्कसेकंद धावतो. तीस सेकंदांचे दहा फोटो घेतले, तीन जमले, तेही लाटेच्या शेंड्यावर सापडले म्हणून.

मग पीईसी. आयपीसमध्ये तारा क्रॉसहेअरवर धरून दहा मिनिटं बटणं दाबत बसलो, एकदा नव्हे, तीनदा. थंडीने बोटं आखडली होती, वारं वेगळंच. पण चौथ्या फेरीला रेघ पुन्हा काढली तर लाट दहा आर्कसेकंदांवर आलेली. त्यानंतर साठ सेकंदांचे दहापैकी सात फोटो ठेवण्यासारखे आले. तीन वाऱ्याने नेले.

चंद्रकोर ताई, ९६०० चा आकडा पहिल्याच झटक्यात बसला, म्हणून हे जमलं. मधे अपूर्णांक असता तर मी माळावरच माउंट सोडून आलो असतो.

आणि एक. ड्रायव्हर पूर्ण स्टेपवर टाकून पाहिला, नुसती हौस. रात्री एक वाजता माळावर कोणी नाही, वारं थांबलेलं, आणि मोटर सेकंदाला एकदा टिक... टिक... नाना, तुमची आठवण आली.

नेब्युला_नाना
मास्तर, फोटो टाका. माझा मुलगा मोठा करून दाखवेल.

बर्फातला_बाळू
४६ वरून १० वर, गाइडिंगशिवाय आणि जुन्या बाजारातल्या चाकावर? अभिनंदन. माझं हार्मोनिक लाजलं.

शून्यसावली
अभिनंदन! तरी माझ्या चहाचा मुद्दा कायम आहे.

अर्धवट_दुर्बीण
फोटो उद्या टाकतो. आता डेकचं बघायचंय, तिथे सध्या नुसता हाताचा स्क्रू आहे. रविवारी पुन्हा जुन्या बाजारात गेलो होतो. त्याच माणसाकडे तसंच दुसरं चाक निघालं, वर्मही आहे. तो म्हणाला, "सर, जोडीचंच आहे, घेऊन टाका." घेतलं. डेकलाही ३:१ च ठेवू ना?

उद्यमनगरी
ठेव. पण आधी दाते मोज.

अर्धवट_दुर्बीण
मोजले. १४३ आले. खडू आणून परत मोजतो.